मूल विसरते का?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका बालमानसशास्त्रज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या संस्थेने मला आज बोलावले आणि 'तुमच्या पेशाविषयी बोला' असा विषय दिला, याबद्दल मी चिटणीस साहेबांची आभारी आहे. अशा मेळाव्यात डॉक्टर येतात, इंजिनियर येतात, चार्टर्ड अकाउंटंट येतात. मुलांच्या मनाचे काम करणाऱ्याला सहसा कोणी बोलावत नाही. कारण हे काम नेमके काय आहे, याचीच पुष्कळांना कल्पना नसते. अंधेरी-जोगेश्वरीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या वस्त्यांत इतकी वर्षे काम करताना मला एक वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकावे लागले. मराठी घरात ते मराठीत, गुजराती घरात गुजरातीत, आणि आपल्याकडे असे: "बच्चा है, भूल जाएगा."

हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्यात माया असते, धीर असतो, आणि पुष्कळदा स्वतःचीच समजूत घालणे असते. परंतु ते खरे आहे काय, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम पेशाची ओळख करून देते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो मुलाशी बोलतो, खेळतो, चाचण्या घेतो, आई-वडिलांचे ऐकतो, शिक्षकांना भेटतो, आणि मुलाचे कोठे अडले आहे ते शोधून वाट काढतो. आपल्याकडे येणारे मूल 'वेडे' असते असा एक समज आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले तुमच्या-आमच्या घरातल्यासारखीच असतात. कोणी रात्री दचकून उठतो, कोणी शाळेत जायचे नाव काढले की ओकतो, कोणी पाचवीत असून पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे, कोणी वर्गात सारखी मारामारी करतो.

हे काम विलायतेतून कालपरवा आलेले फॅड आहे असेही काहींना वाटते. त्यांना मी नागपाड्याची आठवण देते. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९२७ साली तेथे 'नागपाडा नेबरहूड हाऊस' सुरू केले. त्यातूनच १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उभे राहिले. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. या विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले, आणि ते भारतातले पहिले समजले जाते. म्हणजे गिरणीकामगारांच्या, गोदीवाल्यांच्या, छोट्या दुकानदारांच्या मुलांच्या मनाचा शास्त्रशुद्ध विचार याच शहरात, आणि आपल्याच मोहल्ल्याच्या वेशीवर, सुरू झाला. ही वस्तू परकी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. मूल विसरते काय?

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. त्या वेळी अॅना फ्रॉइड आणि डॉरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरे चालवली आणि मुलांच्या वागण्याची बारीक टिपणे ठेवली. त्यांना असे आढळले की, बाँबच्या आवाजापेक्षा आईपासून ताटातूट झाल्याने मुले अधिक कोसळत. आई शांत राहून जवळ असेल तर लहान मूल बरेच काही सोसते. आईच थरथरत असेल, किंवा आई जवळच नसेल, तर भीती मुलाच्या अंगात घर करून बसते.

ही झाली पहिली गोष्ट. दुसरी अमेरिकेतली आहे. फेलिटी आणि आन्डा या दोन डॉक्टरांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे साडेनऊ हजार प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले: घरात मारहाण होती का, आईला मारलेले पाहिले का, घरात कोणी दारू-नशा करणारे, मनाने आजारी किंवा तुरुंगात गेलेले होते का, तुमच्यावर अत्याचार झाला का. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते, त्यांच्यात मद्यपान, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका इतरांपेक्षा ४ ते १२ पटींनी जास्त निघाला. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही त्यांच्यात अधिक होते. ही माणसे मध्यमवर्गीय, नोकरीपेशाची होती. त्यांतल्या पुष्कळांनी त्या गोष्टी कोणाला सांगितल्याही नव्हत्या. तोंडाने विसरलेले शरीर विसरले नव्हते.

असे का होते? आपल्या मेंदूत धोक्याची एक घंटा आहे असे समजा. साप दिसला की ती वाजते, छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. साप गेला की ती थांबते. परंतु ज्या लहान मुलाच्या घरात रोज रात्री आरडाओरड होते, किंवा ज्याने एकदाच पण भयंकर असे काही पाहिले आहे, त्याची घंटा थांबायचे विसरते. दार जोरात आपटले तरी ती वाजते, मास्तर मोठ्याने बोलले तरी वाजते. ज्याच्या डोक्यात अशी घंटा वाजते आहे, त्याला तुम्ही सातचा पाढा विचारता. तो गप्प बसतो. तुम्ही म्हणता, लक्ष नाही, ढ आहे.

आपल्या उपनगरांतील मुलांच्या वाट्याला असे प्रसंग कमी आलेले नाहीत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ज्यांनी जळती घरे पाहिली, ती मुले सर्व जातिधर्मांची होती. त्या वेळचे आठ वर्षांचे मूल आज चाळिशी ओलांडून स्वतः आई-बाप झाले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्या रात्री कितीतरी मुले शाळेत, बसमध्ये, अनोळखी घरात अडकून होती. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत बाँबस्फोट झाले, त्यांत खार, जोगेश्वरी आणि बोरिवलीही होते. २०२० च्या महामारीत शाळा बंद झाल्या, आणि काही मुलांना वडिलांच्या मय्यतीला जाता आले नाही. या मोठ्या घटना वर्तमानपत्रांत येतात. झोपडी तुटणे, बापाचे दारू पिणे, बहिणीचा रुळांवरचा अपघात या गोष्टी येत नाहीत, पण मुलाच्या दृष्टीने त्या तेवढ्याच मोठ्या असतात.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत. टेकडीच्या उतारावरच्या एका वस्तीतला दहा वर्षांचा मुलगा. जून लागला की शाळेला जाईना. पोटात दुखते म्हणायचा. दवाखान्यात तीनदा तपासले, काही निघाले नाही. शाळेने कामचोर ठरवले. वडील रिक्षा चालवत. त्यांनी दोनदा पट्ट्याने मारले. मग कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवले. वडील दारातच म्हणाले, "मॅडम, हा नाटक करतो."

मी मुलाला काही विचारले नाही. त्याच्यापुढे लाकडी ठोकळे ठेवले. त्याने एक भिंत बांधली आणि पाडली. पुन्हा बांधली, पुन्हा पाडली. चार आठवडे हेच. पाचव्या खेपेला मी फक्त म्हणाले, "ही भिंत पडते तेव्हा आत कोण असते?" तो म्हणाला, "दादी." दोन वर्षांपूर्वी पावसात शेजारची संरक्षक भिंत त्यांच्या घरावर आली होती. दादी वाचली होती, पण रात्रभर ढिगाऱ्याखालून तिचा आवाज येत होता आणि तो ऐकत बसला होता. घरात त्याविषयी पुन्हा कोणी बोलले नाही. मूल विसरेल म्हणून सगळ्यांनी मौन पाळले. मुलाने त्या मौनाचा अर्थ असा लावला की, ही बोलायची गोष्ट नाही. आणि पाऊस आला की दादीजवळ थांबले पाहिजे.

आता कळले, पोट का दुखत होते? पुढचे काम वडिलांबरोबर झाले. पाऊस आला की त्याला मारायचे नाही. 'भीती वाटते ना, मलाही त्या रात्री वाटली होती' असे म्हणायचे. दादीने स्वतः त्याला सांगायचे की, मी ठीक आहे, तू शाळेत जा. शिक्षिकेने त्याला खिडकीपासून दूर बसवायचे आणि दुपारच्या सुट्टीत एकदा घरी फोन करू द्यायचा. यात जादू काही नव्हती. पुढच्या पावसाळ्यात तो शाळेत गेला. काही दिवशी रडत गेला, पण गेला. हे वाक्य म्हणायला वडिलांना सर्वांत जड गेले: "मलाही भीती वाटली होती."

पालकहो, याच्या उलट बाजूही लक्षात ठेवा. मुलाची प्रत्येक अडचण ही मनाची जखम नसते. काही मुलांची वाढच वेगळ्या तऱ्हेने होते. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर 'त्याचा चाचाही उशिरा बोलला' म्हणून बसू नका. आधी कान तपासा. वांद्रे रेक्लमेशनला आपल्या राज्याचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते. मूल हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, एकटेच एक खेळ तासन् तास खेळते, तर ती स्वमग्नता असू शकते. जितक्या लवकर मदत सुरू होईल तितके मूल पुढे जाते. तोंडी सगळे येते पण लिहिताना अक्षरे उलटीपालटी होतात, तर अध्ययन अक्षमता आहे का हे पाहिले पाहिजे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्याची तपासणी होते, आणि प्रमाणपत्र मिळाल्यास शालान्त परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता या दोन्हींना मान्यता दिली आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. ही खैरात नाही, हक्क आहे. तो घ्या.

आता एका अवघड विषयावर बोलते. येथे लहान मुले बसली आहेत, म्हणून जपून बोलेन. पण बोलणार आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्रही होता. निम्म्याहून अधिक मुलांनी सांगितले की, त्यांच्याशी कोणी ना कोणी कोणत्या तरी प्रकारचे लैंगिक गैरवर्तन केले आहे. त्यात मुलगेही होते. आणि असे करणाऱ्यांत निम्मी माणसे ओळखीची, विश्वासातली होती.

अशा वेळी घरात पहिला शब्द निघतो तो इज्जत. मी आईची भीती समजते. मुलीचे नाव निघेल, उद्या तिच्या लग्नाचे काय, नात्यातला माणूस आहे, घर फुटेल. परंतु माझ्याकडे चाळिशीतल्या ज्या बाया आल्या, त्यांचे दुःख काय होते ठाऊक आहे? 'त्याने असे केले' हे दुःख होतेच. त्याहून खोल होते ते हे की, 'मी अम्मीला सांगितले होते, आणि अम्मी म्हणाली, चुप.' मुलाने सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवा. 'तुझी चूक नाही आणि सांगितलेस ते फार बरे केलेस' ही दोन वाक्ये त्याच क्षणी बोला. प्रश्नांची सरबत्ती करू नका.

२०१२ सालचा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला 'पॉक्सो' म्हणतात, तो १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाचे नाव छापणे गुन्हा आहे. असे काही घडल्याचे ज्याला कळले, त्या प्रत्येकाला, शिक्षकालाही आणि मलाही, कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक १९९६ साली मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणा चालवते. तो मुलांना पाठ करून द्या. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा 'टेली मानस'चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

इतके ऐकून कोणी निराश होऊ नये, म्हणून एक दिलासा देणारी गोष्ट. हवाई बेटांपैकी कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी पुढे कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील भांडणे, आई-बापांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कर्ती माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात काय होते? बहुतेकांना मायेचे निदान एक माणूस लाभले होते. कोणाला आजी, कोणाला मावशी, कोणाला शिक्षिका. मी माझ्या कामात हेच पाहिले आहे. आमचा इलाज आठवड्यातून एक तास असतो. उरलेले तास त्या एका माणसाचे असतात.

तेव्हा पालकांनी घरी काय करावे? झोपेची आणि जेवणाची वेळ ठरलेली ठेवा. घाबरलेल्या मुलाला उद्या काय होणार हे माहीत असणे हेच मोठे औषध आहे. घडलेल्या गोष्टीविषयी त्याने विचारले तर त्याच्या वयाला पेलेल इतके खरे सांगा. 'अब्बा गावाला गेले' असे मेलेल्या बापाविषयी सांगू नका, ते मूल वर्षानुवर्षे दाराकडे पाहत बसते. मुलासमोर आईवर हात उचलू नका. आणि मुलालाही मारू नका. शाळेत मारणे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्धच केले आहे. काही घरांतून प्रथम तावीज किंवा झाडफूक होते. मी एवढेच म्हणते: ताप आला तर आपण दुआ करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या बाबतीतही तसेच करा. त्रास महिनाभर टिकला, झोप-भूक-शाळा बिघडली, किंवा मुलाने मरणाची भाषा काढली, तर क्षणभरही थांबू नका.

विद्यार्थ्यांनो, आता तुमच्याशी बोलते. हा पेशा तुम्ही घ्यावा असे मला वाटते, पण गोड चित्र रंगवणार नाही. बारावी कोणत्याही शाखेतून करा, मग मानसशास्त्र घेऊन पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण. कालिन्याच्या मुंबई विद्यापीठात, देवनारच्या टाटा संस्थेत हे शिक्षण मिळते. मुलींसाठी जुहूच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या आवारात मानवी विकास आणि विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. त्यासाठीची एम.फिल.ची जुनी वाट आता बदलते आहे, नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून फी भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे की नाही ते स्वतः पाहा. चार महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन कोणी समुपदेशकाची पाटी लावत असेल, तर त्याच्या वाटेने जाऊ नका. शिक्षणाला सात-आठ वर्षे लागतात. सुरुवातीचा पगार तुमच्या इंजिनियर चुलतभावापेक्षा कमी असतो. ऐकलेले दुःख रात्री घरी येते. म्हणून आपल्यापेक्षा अनुभवी व्यक्तीकडे जाऊन स्वतःचे मन मोकळे करण्याची शिस्त या कामात पाळावी लागते.

तरीही तुम्ही यावे, कारण तुमच्यापाशी भाषा आहे. घाबरलेले मूल पाठ्यपुस्तकातल्या भाषेत रडत नाही. ते घरच्या बोलीत रडते: कोणी कोकणीत, कोणी दखनीत, कोणी उर्दूत, कोणी भोजपुरीत. 'जी घबराता है' यात भीती किती, उदासी किती आणि अंगाचा अशक्तपणा किती, हे त्या घरात वाढलेल्याला लगेच कळते. आज गोवंडी, कुर्ला, जोगेश्वरी, मालवणीच्या मुलांसाठी त्यांची बोली जाणणारे प्रशिक्षित लोक फार थोडे आहेत. ही जागा तुमची वाट पाहत आहे.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. आपण संगणक कक्ष उभारलात, शिष्यवृत्त्या देता, याचे कौतुक आहे. आता शाळेत एक लहान खोली द्या. तिला दार असावे, पण पाटी नसावी. आठवड्यातून दोन दिवस तेथे प्रशिक्षित समुपदेशिका बसू द्या. मुलाने तेथे सांगितलेली गोष्ट शिक्षकखोलीत चर्चेला येणार नाही, असा नियम करा. ज्या गोष्टी कायद्याने कळवाव्या लागतात तेवढ्याच अपवाद. आणि दरवर्षी एका विद्यार्थ्याला या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मदत द्या. खर्च एका स्नेहसंमेलनापेक्षा फार होणार नाही.

घरी गेल्यावर आज रात्री एवढेच करा. मुलाजवळ दहा मिनिटे बसा. अभ्यासाचे विचारू नका, मार्कांचे विचारू नका. ते जे बोलेल ते ऐका. काही बोलले नाही तरी बसून राहा.